जोखनच्या नावाचं सुतक

आमच्याकडे चकबंदीचा अमीन मोजणीची साखळी घेऊन गावात शिरला की सख्खे भाऊ एकमेकांच्या ताटात डोकावायला लागतात. गावाचे सगळे बांध पुसायचे, ज्याच्या त्याच्या विखुरलेल्या तुकड्यांची किंमत धरायची आणि त्या बदल्यात एका जागी एकच चक तोडून द्यायचा, एवढंच सरकारचं काम. कागदावर सोपं. पण चक कुणाच्या नावाने तोडायचा हे आधी ठरावं लागतं, आणि मग आजोबा, पणजोबा, पळून गेलेली आत्या, सगळे मुडदे उठून रांगेत उभे राहतात. या कज्ज्यांत लोकांची बाजू लढवता लढवता माझे केस पिकले आणि लोक मला नेताजी म्हणायला लागले. कायदा मी तहसिलीच्या ओट्यावर शिकलो, वकिलांच्या शिव्या खात, आणि खाल्ल्या त्याच्या दुप्पट परत करत. मोठेपण मी सहसा कुणाचं मानत नाही. बेलसंडीच्या इसराजीचं मानतो.

इसराजी कोइरी टोल्यातली, म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या वस्तीतली, मी शेजारच्या कहार टोल्यातला. गावनात्याने ती माझी भावजय, म्हणून मी तिला भौजी म्हणायचो आणि ती मला वाटेल ते म्हणायची. तिचा नवरा जोखन, गौना होऊन, म्हणजे ती सासरी नांदायला येऊन, दोन पावसाळे झाले नाहीत तोच कलकत्त्याला जूट गिरणीत गेला. वर्षभर खुशाली येत होती. मग त्याच्याबरोबरचा एक जण परत आला आणि म्हणाला, जोखन गिरणी सोडून एका लाकूड ठेकेदाराबरोबर आसामात गेला. त्यानंतर काही नाही. वीसेक वर्षं काही नाही. मूलबाळ नव्हतं. माहेरच्यांनी दुसरं घर बघू म्हटलं, आमच्यात चालतं ते, पण तिने त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

गावाला लागून एक शेताची पट्टी होती. पिढ्यान्‌पिढ्यांचं शेण-राख खाऊन काळी झालेली, विहीर हाताशी. कोइऱ्याला असं शेत म्हणजे दुभती म्हैस. तिथे ती मिरची, वांगी, परवल, कोथिंबीर लावायची, पहाटे तोडायची आणि डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठायची. भांगात बोटभर जाड सिंदूर. मी चिडवायचो, "काय भौजी, डोक्यावर वीटभट्टी पेटवलीस काय?" ती चालता चालता म्हणायची, "तुझ्या डोक्यातला भुसा सांभाळ बाबू, ठिणगी उडेल."

आणि तिचा आवाज! लग्नात वऱ्हाड्यांना शिव्यांची गाणी म्हणायला इसराजी पुढे बसली की नवऱ्यामुलाचा मामा घास गिळायचा विसरायचा. हळद लावायला, कलश भरायला, मांडवात पहिलं गाणं उचलायला तिलाच बोलावणं. नवरा वीस वर्षं दिसला नाही म्हणून काय झालं, गावाच्या लेखी ती सवाष्ण होती.

जमीन जोखन आणि त्याचा थोरला भाऊ तिलकधारी अशा दोघांच्या नावावर सामाईक. चकबंदी आली तशी तिलकधारीची नजर पक्क्या सडकेवर गेली. सामाईक खात्याचा एकच चक सडकेकडेला घ्यायचा, तिथे दुकानं काढायची, गावालगतची ती काळी पट्टी दुसऱ्याच्या चकात गेली तर जाऊ दे. इसराजीसाठी काय? "घरात खाईल की दोन भाकऱ्या," म्हणाला. म्हणजे जावेच्या चुलीपुढे बसून दळण-कांडण, मरेपर्यंत.

मी अर्ज लिहिला. जोखनची वारस म्हणून इसराजीचं नाव लावा, खातं फोडा, तिचा चक तिच्या पट्टीवर द्या.

सुनावणी शाळेच्या पडवीत. चकबंदी अधिकारी घाईचा माणूस होता, पण खाबू नव्हता. एका बाजूला तिलकधारी आणि त्याचा पान चघळणारा वकील, दुसऱ्या बाजूला मी आणि माझ्यामागे पदर हनुवटीपर्यंत ओढून इसराजी. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराच्या सावलीलाही शिवायचं नसतं, बोलायचं तर दूरच. वीस वर्षं एका अंगणात राहून दोघांत थेट एक शब्द झाला नव्हता. बोलायचं असलं की ती भिंतीला सांगायची आणि भिंत त्याला ऐकवायची.

वकील उठला. "साहेब, वारस मेलेल्याचा असतो. ही बाई म्हणते मी वारस. हिच्या भांगाकडे बघा."

सगळी पडवी तिच्या डोक्याकडे बघायला लागली. पदरातूनही तो लाल पट्टा दिसत होता.

"जोखन जिवंत आहे," वकील म्हणाला. "हे आम्ही नाही म्हणत, त्याची बायको रोज सकाळी कपाळावर लिहून म्हणते. जिवंत माणसाची वाटणी मागायला जिवंत माणसाने यावं."

साहेबाने विचारलं, "बाई, तुमचा नवरा जिवंत आहे की मेला?"

मी मागे कोपर मारलं. "बोल ना भौजी, मेला म्हण."

"नेताजी, साक्ष तुमची नाही," साहेब माझ्यावर खेकसला. "बाई?"

"मला ठाऊक नाही साहेब," इसराजी म्हणाली.

तिलकधारीचा वकील इतक्या समाधानाने थुंकला की पडवीची अर्धी भिंत रंगली. साहेबाने पंधरवड्यानंतरची तारीख दिली आणि पुढची हाक मारली.

वाटेत माझा तोल गेला. "सात वर्षं पत्ता नसलेला माणूस कायदा मेला धरतो! माझं सगळं काम झालेलं होतं. तुला एक शब्द बोलायचा होता, एक! शेत घालवलंस तोंडातल्या तोंडात."

ती थांबली. डोक्यावरची रिकामी टोपली काढून कमरेवर घेतली. "कायद्याने मेला धरलं. मग कायद्याने त्याला आग दिली? पाणी दिलं? कुठे भटकत असेल तर वाट दाखवली?"

"ते नंतर बघू!"

"नंतर कोण बघतं? माणूस तोंडाने मारायचा आणि त्याचं शेत घ्यायचं, हे ढोरचोरांचं काम, बाबू. मेलेल्या ढोराचं कातडं तेवढं काढून न्यायचं."

मी आणखीच ओरडलो. ती पुढे निघून गेली.

दोन-तीन दिवस ती बाजाराला गेली नाही. मिरच्या झाडावर लाल व्हायला लागल्या. मग एका सकाळी माझ्या दारात उभी. "महापात्राला बोलाव. पुतळा जाळायचाय."

हरवलेल्या माणसाची आशा सुटली की आमच्याकडे महापात्राकडून, म्हणजे मर्तिकाच्या बामणाकडून, कुशाच्या, दर्भाच्या गवताचा पुतळा करून घेतात आणि त्याला आग देतात. तिथून पुढे तो मेला. दहा दिवस सुतक, दहाव्याला भाऊबंदांची मुंडणं, सगळं खऱ्या मुडद्यासारखं. मी खाटेवरून उडीच मारली. "वा भौजी! काय डाव काढलास! अख्खा गाव साक्षीला. आता बघतो तो पानवाला काय बोलतो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या पिकात ढोरं घातली होती. "तुझ्यासाठी डाव असेल," म्हणाली. "महापात्राला बोलाव."

आग द्यायचा मान थोरल्या भावाचा. बेचन न्हावी निरोप घेऊन गेला आणि उत्तर घेऊन आला: माझा भाऊ जिवंत आहे, जिवंताला जाळणाऱ्याचे हात झडतील. टोल्यातले बाकीचे भाऊबंद तिलकधारीकडे बघून खाली बघायला लागले. कोणी उठेना.

"मी देते," इसराजी म्हणाली.

गावच्या पंडितजींनी कानाला हात लावले. "बाईमाणूस घाटावर? कुठे ऐकलंय?"

महापात्र म्हातारा होता, मेलेल्यांवर जगणारा, त्याला कुणाची भीती नव्हती. "मुलगा नाही, भाऊ उठत नाही, मग बायको देते. ग्रंथात आहे," म्हणाला. "नसेल तर मी लिहून घालतो."

मी तिला बाजूला घेतलं. आता डाव वगैरे काही बोललो नाही. म्हटलं, "भौजी, आग दिलीस की बांगड्या गेल्या. उद्यापासून मांडवात तुला कोणी पुढे बसवणार नाही. हळदीला हात लावू देणार नाहीत. नुसती विधवा. विचार केलास?"

"वीस वर्षं केला," ती म्हणाली.

सरजू नदीच्या काठी वाळूवर महापात्राने पुतळा बांधला. कुशाचे हातपाय, पळसाची पानं, डोक्याला नारळ. बांधून झाल्यावर इसराजी त्याच्याजवळ बसली, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "एवढा बुटका नव्हता तो."

कोणी हसलं नाही. महापात्राने मुकाट्याने पाय सोडले, आणखी कुश घेतला. तीही बांधायला लागली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून मांडीपर्यंत, हाताने मापत. तिचे हात थांबतच नव्हते, आणि ते कशाच्या मापाने चालले होते हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. बायको म्हणून जेमतेम दोन पावसाळे बघितलेला माणूस तिने वीस वर्षांनी वाळूवर तंतोतंत लांबीचा झोपवला. मी सभांमध्ये हजारो माणसं उठताना पाहिलीत, लाठ्या खाताना पाहिलीत. पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

मग तिने दगड घेतला आणि स्वतःच्याच हातांनी स्वतःच्या बांगड्या फोडल्या. हे काम दुसऱ्या विधवा करतात, त्या आल्याही होत्या, पण तिने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. नदीत उतरली, भांग धुतला. पाण्यात लाल रंग क्षणभर दिसला आणि धारेला लागला. ओलेत्या पांढऱ्या लुगड्यात आली, पुतळ्याला फेरी घातली आणि तोंडाशी आग लावली. कुश वाळलेला होता. भडकन पेटला.

तेव्हाच ती एकदा ओरडली. गाणं म्हणायचा तोच आवाज. नदीपलीकडची गुरं मान वर करून बघायला लागली.

त्या दिवसापासून ती आग दिलेल्या पुरुषाने पाळायचं ते सगळं पाळू लागली. हातात लोखंडाचा तुकडा, जमिनीवर पेंढा, एक वेळ अळणी भात, तोही स्वतः मातीच्या भांड्यात शिजवलेला. शाळेजवळच्या पिंपळाला मडकं टांगलं, खाली भोक पाडून कुशाची काडी लावलेलं, म्हणजे थेंब थेंब पाणी पडत राहतं, मेलेल्याच्या वाटेवरचं. सकाळी ती त्यात पाणी भरायची, संध्याकाळी दिवा लावायची. साहेबाचा तळ शाळेतच होता. पहिल्या सकाळी त्याने मला विचारलं, "ही कोण?"

"आपल्याच कोर्टातली अर्जदार आहे, साहेब."

त्याची खुर्ची शिपाई एरवी रोज सावलीला त्या पिंपळाखाली टाकायचा, ती दुसऱ्या दिवसापासून पडवीतच राहिली.

खरी गंमत टोल्यात चालली होती. सुतक लागलं की भाऊबंदांच्या घरात हळद बंद, फोडणी बंद. पण सुतक मानायचं म्हणजे जोखन मेला हे मानायचं. तिलकधारीने तिसऱ्याच दिवशी सरजूचे मासे आणवले आणि मोहरीच्या तेलात असे तळले की वास पार आमच्या टोल्यापर्यंत आला. म्हणजे काय, तर ऐका सगळे, माझ्या घरात कोणी मेलेलं नाही! मग त्याच्या धाकाने बाकीच्या घरांतूनही लसणाच्या फोडण्या उठल्या. मी रोज दुपारी टोल्यातून नाक वर करून फिरायचो. रामसुभग काका, भाऊबंदांतला सर्वांत म्हातारा, ओट्यावरून म्हणाला, "काय नेताजी, मतमोजणी चाललीय काय?"

"तुमच्या चुलीचं मत कुणाला, काका?"

म्हातारा हुक्का ओढत बसला. मग म्हणाला, "काल त्या पोरीला मडक्यात पाणी भरताना बघितलं. हात पोहोचत नव्हता, विटेवर चढून भरत होती. आमच्यातला एक जण उंच नाही का रे?" आणि आत तोंड करून ओरडला, "आजपासून फोडणी बंद!"

दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरांतून वास आला नाही. मग आणखी काही. शेवटी एकट्या तिलकधारीची कढई राहिली.

आठव्या दिवशी दुपारी मी त्याच्या भिंतीमागून चाललो होतो. आत तो जेवायला बसला होता. ताट आपटल्याचा आवाज आला.

"ही डाळ पांढरी का? हळद कुठाय?"

"संपली." त्याची बायको रमपत्ती. इसराजीशी हिचं कधी पटलं नाही, केरसुणीवरूनही भांडायच्या.

"परवा बाजारातून आणली!"

"ती पण संपली."

"आणि फोडणी?"

"तेल सांडलं."

आत पळी आपटली. मग रमपत्ती म्हणाली, "जोखनला मी या मांडीवर घेऊन भरवलंय. मी या घरात आले तेव्हा तो लंगोटीत होता. सडक तुम्ही घ्या नाहीतर जाळा. माझ्या चुलीवर मी त्याचं सुतक पाळणार. खायचं तर खा, नाहीतर मासे घेऊन साहेबाकडे जेवायला जा."

मी भिंतीला कान लावला. थोड्या वेळाने पांढरी डाळ भुरकल्याचा आवाज आला.

दहाव्याला सगळे भाऊबंद तळ्यावर. बेचन न्हावी दगडावर वस्तरा घासत होता. एकेक डोकं भादरलं जात होतं. इसराजी पाण्याच्या कडेला पाठ करून बसलेली, पिंडाचं सगळं मांडून. दुपार कलायला आली. महापात्र म्हणाला, "झाले ना सगळे?" कोणीच हो म्हणेना.

तेव्हा बांधावरून तिलकधारी आला. उघडाबंब, खांद्यावर गमछा. कुणाकडे बघितलं नाही. बेचनपुढे उकिडवा बसला.

बेचन न्हावी तोंडाचा फटकळ. "मालक, उद्या तुमची तारीख आहे ना? केस काढले तर परत चिकटवता येत नाहीत."

"वस्तरा चालव."

केस पडत राहिले, मिशी पडली. मग तो पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि भावाचं नाव घेऊन सोडायला गेला. "जोखन" म्हणेपर्यंत ठीक होता. पुढचं त्याच्या तोंडून निघालं नाही. कंबरभर पाण्यात तो म्हातारा माणूस पोरासारखा रडायला लागला. सडकेचा लोभ त्याला होता, खोटं कशाला बोलू. पण वीस वर्षं भाऊ मेला म्हणायचं त्याने टाळलं होतं, ते नुसतं सडकेसाठी नव्हतं हे मला त्या दिवशी कळलं.

इसराजीने मान वळवली नाही. पाण्याकडे बघत, पाण्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली, "त्यांना सांगा, थंडी वाजेल. बाहेर या."

तो बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी पडवीत वकिलाने आपल्या अशिलाचं तुळतुळीत डोकं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, निदान निकाल लागेपर्यंत तरी केस ठेवायचे होतेस!"

पडवी हसली. साहेबही हसू दाबत होता. "तिलकधारी, डोकं कशासाठी भादरलं?"

"भाऊ मेला, साहेब."

"कधी?"

तिलकधारीला ते सांगता येईना. साहेबाने इसराजीकडे बघितलं. ती माझ्यामागून पुढे आली. पदर खाली होता, पण आवाज अख्ख्या शाळेला ऐकू गेला. "माझा नवरा मेला, साहेब. आग मी दिलीय. आता विचारा काय विचारायचं ते."

साहेबाने तिचा अर्ज पुढे ओढला. वकील उठून म्हणायला लागला की मुंडण हा काही कायद्याने पुरावा होत नाही. तेव्हा तिलकधारीच म्हणाला, "बसा हो तुम्ही." तिथेच दोघांच्या संमतीचा कागद झाला. खातं फुटलं. त्याला सडकेकडे चक, तिला तिच्या काळ्या पट्टीवर, विहिरीसकट. शिपायाने वाचून दाखवलं: इसराजी, बेवा जोखन. बेवा, म्हणजे विधवा, हा शब्द ऐकताना तिने मान खाली घातली आणि अंगठा पुढे केला.

मी पुष्कळ निकाल जिंकले. ढोल वाजवले, गुलाल उधळला. त्या दिवशी माझ्या तोंडून जिंदाबाद निघालं नाही. वाटलं, आपण इथे जोरात बोललो तर काहीतरी मोडेल.

अमीनने खुंट्या मारून दिल्या त्या दिवशी मी तिच्या चकावर गेलो. पांढऱ्या लुगड्यात, कासोटा खोचून ती नवा बांध घालत होती. जुने बांध सगळे पुसले गेलेले, जमीन कशी उघडी दिसत होती. मी खुंटीवर टेकलो आणि माझ्या तोंडाला जे आवरत नाही ते बोललो. "भौजी, एक विचारू? समज, उद्या जोखनभैया त्या वाटेने चालत आला. तर?"

मला वाटलं, कुदळ फेकून मारेल. तिने कुदळीवर हनुवटी टेकली आणि वाटेकडे बघितलं, खरंच कोणी येतंय का ते बघितल्यासारखं.

"आला तर जेवेल," ती म्हणाली. "शेत त्याचंच आहे. मेला म्हणून मी त्याला पाणी दिलं, मग जिवंत आला तर उपाशी ठेवीन काय?"

तेवढं मोठं मन माझ्या कुठल्या कायद्यात बसत नव्हतं, आणि मी कायदे बरेच वाचलेत.

"उभा काय राहिलास खांबासारखा," ती म्हणाली. "बांध सरळ यायला हवा, दोरीचं ते टोक धर. आणि ताणून धर, तुझ्या भाषणासारखं ढिलं नको."

मी चपला काढल्या आणि दोरी धरली.